वन्संच्या फोनला रेंज नाही

काउंटरवरच्या मुलीने एक बारीक तार वन्संच्या फोनच्या कडेला खुपसली आणि सिमचा कप्पा टुणकन बाहेर आला.

"अगं, अगं, हरवेल ते!" वन्सं ओरडल्या.

हनोईच्या विमानतळावरच्या त्या मुलीला मराठी कुठून कळणार? ती गोड हसली. वन्संचं भारतातलं सिम तिने एका पाकिटावर चिकटपट्टीने डकवलं, ते वन्संच्या हातात ठेवलं, नवं सिम आत सारलं आणि फोन माझ्याकडे दिला. काय करायचं ते मला ठाऊक होतं. सेटिंगमध्ये गेले, डेटा चालू केला, रोमिंगचं बटण सरकवलं, फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू केला. वर कोपऱ्यात रेंजच्या रेघा उमटल्या.

"झालं, वन्सं. तुम्ही आता जगाशी जोडलेल्या आहात," मी म्हटलं.

त्यावर त्या काही बोलायच्या आतच फोन वाजला. त्यांचा थोरला मुलगा पराग, पुण्याहून.

"आई, पोचलीस ना? बरं, एक काम कर. हेमंतला सांग, घरपट्टी भरायची राहिलीये. तो कोल्हापुरात बसून काय करतो देव जाणे."

तो फोन ठेवला आणि धाकट्या हेमंतचा आला. "आई, सुखरूप ना? आणि पराग्याला सांग, सारखं मलाच कामं सांगायची नाहीत."

वन्संनी दोघांनाही "सांगते" म्हटलं आणि खरोखरच तिथे, फिरत्या पट्ट्यावरून आमच्या बॅगा दोनदा समोरून निघून जात असताना, याचा निरोप त्याला आणि त्याचा याला पोचवला. दोन्ही निरोपांतले खडे मात्र वेचून बाजूला काढले होते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कुमुद. कराडच्या मुलींच्या शाळेत जन्मभर पीटी शिकवली. गळ्यातली शिट्टी निवृत्तीनंतर सुटली, आवाजातली सुटली नाही. त्यांचे यजमान गेले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि त्यांच्या दोन मुलांनी एकमेकांशी बोलणं टाकलं त्यालाही तेवढीच. कारण काय, तर वडिलांची जुनी स्कूटर. परागने ती परस्पर भंगारात दिली. हेमंत तिच्यावर बसून सायकलच्या वयात गियर टाकायला शिकला होता. तेराव्याच्या पंगतीत शब्दाला शब्द लागला आणि तेव्हापासून पुणे-कोल्हापूर सगळी वाहतूक कराडमार्गे. दिवाळीत एक सकाळी यायचा, दुसरा त्याची गाडी गेल्याची खात्री करून संध्याकाळी.

व्हिएतनामची सहल हा माझा हट्ट. आमच्या ह्यांची पाठ धरलेली, म्हणून मी वन्संना गळ घातली. निघताना ह्यांनी बजावलं होतं, "ताईचा फोन चालू राहील एवढं बघ. मुलं काळजी करतात." मला हसू आलं. सांगलीत आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मोबाइल शिकवते कोण? मीच. मी तर आधीच ठरवलं होतं, सिम एकच घ्यायचं, वन्संच्या फोनमध्ये. त्यांच्या हॉटस्पॉटवर माझाही फोन चालेल.

त्या संध्याकाळपर्यंत तो चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी बंद.

"वैजयंता, अगं हे नेट गेलं वाटतं," वन्सं नाश्त्याच्या टेबलावर म्हणाल्या. त्या कलिंगडाची फोड खात होत्या आणि चेहरा अगदी बापुडवाणा केला होता. "मी तर हातसुद्धा नाही लावला."

मी फोन घेतला. डेटा बंद. चालू केला, नेट आलं. बसमध्ये बसेपर्यंत पुन्हा गेलं. मी सिम काढून पुसून घातलं, डेटा पुन्हा लावला. नेट आलं. एका तळ्याकाठच्या देवळात गेलो, बाहेर आलो, पुन्हा गेलं. हॉटेलच्या वायफायचाही त्यांच्या फोनशी तसाच उभा दावा. माझा फोन वायफाय मुकाट्याने धरायचा, त्यांचा धरायचा आणि सोडायचा.

एव्हाना बसमधल्या सगळ्यांना आमचं दुखणं कळलं होतं. लातूरचे डोईफोडेकाका वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी फोन कानाशी धरून हलवून पाहिला.

"दमट हवा," ते म्हणाले. "आतल्या कनेक्शनला ओल धरते. हेअर ड्रायर मारा."

"काका, इतरांचे फोन चालतायत की," आमची टूर मॅनेजर शर्वरी म्हणाली.

"इतरांचे मजबूत असतील."

मी ड्रायरही मारला, काय सांगू! त्या संध्याकाळी हनोईत पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ होता. मी त्याच्यासाठी खास हातमागाची साडी नेली होती. सगळे खेळाला गेले आणि मी ती साडी नेसून हॉटेलच्या लॉबीत त्यांचा फोन मांडीवर घेऊन बसले. सगळी नेटवर्क सेटिंग पुसून नव्याने घातली. शेवटी नेट आलं. वन्सं परतल्या तेव्हा मी फोन उंच धरून दाखवला.

"बाई बाई, हुशार आहेस!" त्या म्हणाल्या. "आणि काय सुंदर खेळ होता गं! पाण्यातून नाग काय येतो, बदकं काय येतात, सगळं काही..."

आणि आम्ही लिफ्टमधून वर जाईपर्यंत नेट गेलं.

आमच्या ह्यांना मी माझ्या फोनवरून कळवून टाकलं, 'वन्संचा फोन बिघडलाय. आम्ही मजेत.' पण मजा कसली? मनातून मी खचले होते. सांगलीला जाऊन मंडळात काय तोंड दाखवू असं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही हा लाँगच्या खाडीत होतो. समुद्रातून हिरवे डोंगरच्या डोंगर उभे राहिलेले, आणि त्यांच्यामधून आमची बोट हळूहळू चाललेली. मी सकाळी बसमध्येच फोन पुन्हा मार्गी लावला होता. जेवण झाल्यावर वन्सं वरच्या डेकवर जाऊन बसल्या. मी मागून त्यांची टोपी घेऊन गेले. जिन्याच्या वर काचेचं दार होतं आणि वन्सं माझ्याकडे पाठ करून बाकावर बसल्या होत्या.

त्यांनी पर्समधून फोन काढला. चष्मा कपाळावर चढवला. पडद्यावर वरून खाली बोट ओढलं, विमानाचं चिन्ह टिचकीसरशी दाबलं, फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. कॅल्क्युलेटर उघडायला गेल्या की कॅमेरा उघडणारी ही बाई! आणि मग पाय लांब सोडून त्या डोंगर बघत बसल्या, शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरीसारख्या.

मी दार लोटलं.

"वन्सं."

त्यांनी वळून पाहिलं. माझ्या तोंडावरूनच ओळखलं.

"बस," त्या म्हणाल्या. "ऊन छान आहे."

"तुम्ही बंद करत होता? रोज?"

"रोज काय, तू चालू केलंस की दर वेळी. कधी डेटा, कधी वायफाय; आज हे विमान सापडलं. तू तरी किती चिकाटीची गं? माझा अंगठा दुखायला लागला."

"माझा बाहुल्यांचा खेळ बुडाला!"

"त्याचं मला वाईट वाटलं. खरंच वाटलं." एवढं म्हणून त्यांना हसू फुटलं. "पण तो ड्रायर..."

मला इतका संताप आला की टोपी समुद्रात भिरकवावीशी वाटली. ती त्यांचीच होती, त्यामुळे हरकतही नव्हती. पण त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"ऐक. परवा विमानतळावर बघितलंस ना? त्याला सांग, ह्याला सांग. दोन वर्षं, वैजू. पोराला ताप आला तर तो मला कळवतो, मी ह्याला कळवते, हा मला विचारतो, मी त्याला विचारते. दोघांच्या मध्ये मी उभी आहे म्हणून दोघांनाही तोंड वळवून उभं राहायला परवडतं. मी बाजूलाच झाले तर?"

"तर काय? आणखी लांब जातील."

"शाळेत दोन मुली भांडल्या की मी काय करायचे माहितेय? तीन पायांच्या शर्यतीत त्यांनाच जोडीला उभं करायचे. एकीचा पाय दुसरीच्या पायाला बांधायचा आणि शिट्टी मारायची. चार पावलांत दोघी तोंडावर. मग आपोआप बोलतात. आधी शिव्या देतात, पण बोलतात."

"हे बाप्ये आहेत. ह्यांचे पाय कोण बांधणार?"

वन्संनी डोंगराकडे पाहिलं. "कराडच्या घराच्या फाटकाची किल्ली मी हेमंतकडे दिलीय," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि दाराची परागकडे."

"म्हणजे मुद्दाम?" मी विचारलं.

"घरात काही अडलंच तर दोघांना एका वेळी यावं लागेल," त्या म्हणाल्या. "नाही अडलं, तर मी निदान आठवडाभर डोंगर बघेन. पोरांना सांगितलंस तर याद राख."

त्या दिवशी माझा राग पुरता उतरला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी विमानाने दा नांगला पोचलो, हॉटेलात माझ्या फोनने वायफाय पकडलं आणि तो थरथरायलाच लागला.

पराग. 'मामी, आईला ताबडतोब सांगा. कराडला वादळ झालं. परसातला शेवगा पडला, टाकीचा पाइप तुटला, सगळं पाणी शेजारच्या तांबवेकरांच्या अंगणात. त्यांचे फोनवर फोन येतायत. आईला म्हणावं, हेमंतला कराडला पाठव.'

हेमंत. 'मामी, आईला सांगा, परागला म्हणावं दाराची किल्ली कुणाबरोबर तरी पाठव. व्हॉल्व्ह स्वयंपाकघरात आहे. मी एकटा जाऊन काय फाटकाशी उभा राहू?'

परत पराग. 'मामी, त्याला तुम्हीच सांगा.'

परत हेमंत. 'मामी, तुम्हीच विचारा त्याला.'

मी पलंगावर बसले. दोन ओळींत काम होणारं होतं. ह्याचं त्याला पाठवायचं, त्याचं ह्याला. माझा अंगठा तयारच होता. इतक्यात तिसऱ्यांदा परागचं आलं, 'मामी, तुम्ही फार समजूतदार आहात,' आणि मला एकदम जाणवलं की वन्सं उठून गेलेल्या खुर्चीवर आता मला बसवतायत.

न्हाणीघरात नळाचा आवाज येत होता. वन्सं आत गुणगुणत होत्या. मी त्यांना हाक मारली नाही. माझ्या फोनवर वरून खाली बोट ओढलं आणि विमानाचं चिन्ह दाबलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा मी एवढंच म्हटलं, "वन्सं, तुमचा शेवगा पडला. पाइप तुटलाय, व्हॉल्व्ह आत."

त्यांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "मी नाही हं पाडला," त्या म्हणाल्या. मग माझ्या फोनकडे बघितलं. "तू काय कळवलंस?"

"माझाही बिघडला. दमट हवा."

त्या मोठ्याने हसल्या, पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्हाला होई आनला नेलं. जुनं गाव, पिवळ्या भिंती, दुकानादुकानांवर रंगीत कंदील. वन्संचं कशात लक्ष नव्हतं. एका पुलाच्या कठड्याला टेकून त्यांनी फोन बाहेर काढला.

"वैजू, चालू करू का? पाणी वाया चाललंय. तांबवेकरांच्या सुनेला दिवस गेलेत, ती घसरली-बिसरली तर? आणि हे दोघं तिथे समोरासमोर आले आणि हाणामारीच झाली तर? पराग शांत दिसतो, पण बापावर गेलाय."

खरं सांगते, भीती मलाही होती. काही बरंवाईट झालं असतं तर माझ्या घरात मला कुणी उभं केलं नसतं. पण मी म्हटलं, "नाही. तुम्ही शिट्टी मारलीय. आता पळू दे त्यांना."

"कसली शिट्टी?" पाठीमागून डोईफोडेकाका आले. त्यांच्या हातात शहाळं होतं. "अजून बंदच का? द्या इकडे."

आम्ही दोघी एकदम "नको, नको" म्हणालो, पण काकांनी वन्संच्या हातून फोन अलगद उचलला होता. बायकांना संकोच वाटतो अशी त्यांची ठाम समजूत. त्यांनी पडद्याकडे लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि डोळे बारीक केले.

"अहो, हे विमान दाबलं गेलंय! आपण आता विमानात नाही, ताई."

आणि त्यांनी ते काढलं.

फोन वन्संच्या हाती परत येईपर्यंत घुंगरासारखा वाजत होता. पराग, हेमंत, पराग, पराग, हेमंत. हुकलेले कॉल, निरोप, पुन्हा हुकलेले कॉल. काका कृतार्थ चेहऱ्याने शहाळं पीत निघून गेले. वन्संना चष्म्यातून धड वाचता येईना, मीच वाचायला घेतलं.

"हे परवाचे. हे काल सकाळचे. 'आई, फोन कर.' 'आई, कुठे आहेस?' 'आई, तांबवेकर चिडलेत.' हे काल दुपारचं, हेमंत, 'आई, आता काय करू ते तरी सांग.'"

"आणि पुढे?"

मी बोटाने खाली-वर करून पाहिलं. "पुढे काही नाही."

"म्हणजे?"

"काल दुपारनंतर दोघांचंही एक अक्षर नाही."

वन्संच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. दोन वर्षांत असा एक दिवस गेला नव्हता. त्या पुलावरच्या गर्दीत आम्ही दोघी त्या फोनकडे बघत उभ्या राहिलो. फुलवाल्या बायका आम्हाला धक्के देत पुढे जात होत्या.

"वन्सं," मी शेवटी म्हटलं, "आता त्यांना तुम्हाला काही विचारायची गरजच उरली नसेल, असं असेल का?"

त्यांनी बराच वेळ हुकलेल्या कॉलांवर अंगठा धरून ठेवला, दाबला मात्र नाही. मग त्यांनी स्वतःच विमानाचं चिन्ह दाबलं. "चल, मला तो कंदील घ्यायचाय," त्या म्हणाल्या, आणि दुकानात जाऊन एकाऐवजी दोन घेतले. सहलीचे उरलेले दिवस त्यांनी आत फोन नव्हे, जळता निखारा असल्यासारखी पर्स दूर धरून काढले.

मुंबईला उतरलो ती भर दुपार. ट्रॉली ढकलत बाहेर आलो आणि कठड्यापलीकडे दोघं दिसले. पराग आणि हेमंत. शेजारी-शेजारी, एकाच रागाने लाल झालेले.

"आई, हे काय वागणं झालं?" पराग सुरू झाला.

"आठवडाभर फोन नाही म्हणजे..." हेमंतने पुढचं उचललं.

"आम्ही काय समजायचं?"

"त्या सहलवाल्यांना फोन केले..."

"त्यांनी सांगितलं, मजेत आहेत, शॉपिंग करतायत!"

"आम्ही दोघांनी ठरवलंय," पराग म्हणाला, "पुन्हा तुला असं एकटं पाठवायचं नाही."

'आम्ही दोघांनी' हे शब्द कानावर पडले तशी वन्संची ट्रॉलीवरची पकड सुटली. मला वाटलं, आता ह्यांचं बिंग फुटणार. पण त्यांनी मान खाली घातली आणि शाळेत उशिरा आलेल्या मुलीच्या आवाजात म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतं रे? फोन वैजयंताच बघत होती. तिने सिमचं काहीतरी केलं."

दोन्ही भावांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"मामी!" हेमंत म्हणाला. "तुम्ही तर क्लास घेता म्हणे मोबाइलचा!"

"डेटा रोमिंग चालू केलं होतंत का?" परागने विचारलं.

मी त्याच्या आईकडे पाहिलं. तिने ट्रॉलीआड माझ्या पावलावर पाऊल ठेवलं, हलकेच.

"ते कुठे असतं बाई?" मी विचारलं.

दोघं भाऊ एकमेकांकडे बघून हसले. दोन वर्षांनी पहिल्यांदा एकमेकांबरोबर, आणि मला हसले. त्या दिवसापासून आमच्या घराण्यात माझी तीच ख्याती आहे. कुठलंही लग्न असो, मुंज असो, हे दोघं एका सोफ्यावर बसतात आणि मामीने व्हिएतनामात नेट कसं घालवलं ते रंगवून सांगतात. एक सुरुवात करतो, दुसरा पूर्ण करतो. आमचे हे तर मला फोन चार्जिंगला लावायलाही देत नाहीत. मी ऐकून घेते.

पण त्या दुपारी गाडीत जे झालं ते मी त्यांच्यापैकी कुणाला सांगितलेलं नाही.

हेमंत गाडी चालवत होता, पराग त्याच्या शेजारी. मागे आम्ही दोघी. घाट लागण्याआधीच वन्संनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. पुढे शेवग्याचं चाललं होतं. शेवटी परागने हेमंतला 'किल्ली घेऊन निघतोय' एवढंच कळवलं होतं. तो पुण्याहून पोचला तेव्हा हेमंत फाटकाशी तासभर आधी येऊन बसला होता. दोघं काही न बोलता आत गेले. पण गंजलेला व्हॉल्व्ह एकाच्याने फिरेना. एकाने पाना धरला, दुसऱ्याने जोर लावला, आणि पाण्याचा फवारा दोघांच्याही तोंडावर.

"तू उलटा फिरवत होतास," हेमंत म्हणाला.

"तू सांगायचंस ना मग."

"बोलत होतो कुठे आपण?"

दोघं थोडं हसले. बोगदा आला, गेला.

"स्कूटर गेली त्याचा राग नव्हता रे," हेमंत एकाएकी म्हणाला. त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "निदान फोन करून सांगितलं असतंस, तर मी शेवटची एक चक्कर मारून आलो असतो."

पराग बाहेर बघत राहिला. "मलाही नाही बघवलं तिच्याकडे," तो म्हणाला. "रोज दारात उभी असायची. म्हणून घाईने दिली. तुला सांगायला तोंड नव्हतं."

मी वन्संकडे पाहिलं. डोळे मिटलेलेच होते, श्वासही गाढ झोपेतल्यासारखा संथ. पण डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निघाला आणि कानाच्या दिशेने चालला होता. त्यांना तो पुसता येत नव्हता. पुसला असता तर त्या जाग्या आहेत हे कळलं असतं, आणि पुढची दोघं गप्प झाली असती.

हेमंतने आरशात बघितलं. "आई झोपली का?"

मी माझा पदर उचलून वन्संच्या चेहऱ्यावर टाकला.

"झोपल्यात," मी म्हटलं. "ऊन येतंय त्यांच्या डोळ्यांवर."

"मामी, ऊन तर तुमच्या बाजूला आहे."

"तू पुढे बघून गाडी चालव रे," मी खेकसले. "आणि बोला तुम्ही दोघं, आवाजाने त्यांची झोप मोडत नाही."